नऊ मंत्रांची यादी

विस्कॉन्सिन राज्याच्या आग्नेय भागातल्या एका गावात, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी नोकरी करते. किशोरवयीन मुलांचा विभाग माझ्याकडे आहे. पुस्तकं मागवणं, उन्हाळी वाचनाचे उपक्रम, गृहपाठाची मदत ही ठरलेली कामं. आठवड्यातून एका दुपारी, शाळा सुटल्यावर, मागच्या खोलीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवणं हेही आता माझ्या कामातच धरलं जातं. अमेरिकेतल्या बऱ्याच वाचनालयांत हा उपक्रम असतो. एरवी कादंबरीकडे ढुंकूनही न पाहणारी पोरं तीनशेहून जास्त पानांच्या नियमपुस्तकासाठी नंबर लावतात, हे एक कारण वरिष्ठांना पटवायला पुरतं.

खेळ टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा. एकजण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. ती मी. गोष्टीतलं जग, त्यातली माणसं आणि राक्षस मी सांभाळायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ‘आता तुम्ही काय करता?’ या माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्रांमध्ये लढवय्ये असतात, चोर असतात, धर्मोपदेशक असतात. आणि असतो विझार्ड, पुस्तकातून विद्या शिकलेला जादूगार. नवीन आलेल्या दर दुसऱ्या पोराला विझार्डच व्हायचं असतं. पहिल्याच दिवशी त्यातले निम्मे हिरमुसतात, कारण त्यांना वाटलेलं असतं की जादूगार म्हणजे मनात येईल ते करणारा. या खेळातला विझार्ड तसा नाही. त्याच्याएवढा नियमांनी बांधलेला प्राणी टेबलावर दुसरा नसतो.

त्याचा हिशेब तीन पातळ्यांवर चालतो. पहिली पातळी त्याच्या मंत्रांच्या वहीची. सुरुवातीला वहीत पहिल्या पायरीचे सहा मंत्र असतात, पुढे पात्र अनुभवाने एकेक टप्पा, म्हणजे लेव्हल, चढलं की दर वेळी दोन वाढतात. शिवाय कुठे दुसऱ्या जादूगाराची वही किंवा मंत्राची गुंडाळी सापडली तर त्यातले उतरवून घेता येतात. मंत्राच्या प्रत्येक पायरीमागे दोन तास आणि पन्नास सोन्याची नाणी खर्च करून. दुसरी पातळी रोजच्या यादीची. वहीतलं सगळं काही रोज हाताशी नसतं. रात्रीची झोप झाली की वही उघडायची आणि आजच्यासाठी ठरावीक मंत्र तयार करायचे. तिसरी पातळी स्लॉटची, म्हणजे दिवसभरात जादू किती वेळा करता येईल त्याची. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला पहिल्या पायरीचे चार, दुसऱ्या पायरीचे तीन आणि तिसऱ्या पायरीचे दोन स्लॉट मिळतात. संपले की संपले. उरतात त्या कँट्रिप, म्हणजे कितीही वेळा करता येणाऱ्या बारीकसारीक करामती.

पोरांना आकड्यांपेक्षा वस्तू लवकर कळते, म्हणून मी स्लॉटसाठी काचेचे मणी ठेवलेत. पांढरे पहिल्या पायरीचे, निळे दुसऱ्या आणि लाल तिसऱ्या. विझार्डच्या पुढ्यात स्टीलच्या वाटीत नऊ मणी. मंत्र टाकला की मणी उचलून माझ्या वाटीत टाकायचा. तो टण्‌ आवाज झाला की टेबलावरची सगळी डोकी वळतात. ‘आता किती उरले?’ हा प्रश्न तोवर कुणाच्या गावीही नसतो.

ही व्यवस्था आली कुठून, हे पोरं मला विचारतातच. उत्तराचा अर्धा भाग आमच्या जवळपासच सापडतो. लेक जिनिव्हा हे तळ्याकाठचं गाव इथून फार लांब नाही. तिथे राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सने मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसनबरोबर हा खेळ रचला आणि 1974 साली त्याच्या पहिल्या हजार प्रती काढल्या. त्याआधी, 1971 मध्ये, गायगॅक्सचा ‘चेनमेल’ नावाचा मध्ययुगीन लढायांचा खेळ आला होता. त्याच्या पुरवणीत जादूगार होता, पण तो जवळजवळ तोफखान्यासारखा: लांबून आगीचे गोळे फेकणारा. लढाईच्या खेळात दारूगोळा मोजून मिळतो. जादूही मोजून द्यायला हवी होती, नाहीतर बाकीच्यांनी तलवारी घासत बसायचं आणि जादूगाराने एकट्याने रणांगण जिंकायचं.

मोजायचं कसं, ते गायगॅक्सला जॅक व्हान्सच्या गोष्टींत सापडलं. व्हान्सचं ‘द डाइंग अर्थ’ हे पुस्तक 1950 चं. त्यातले जादूगार पुस्तकातून मंत्र डोक्यात भरून घेतात. एका वेळी मोजकेच मावतात आणि एकदा उच्चारला की तो मंत्र स्मरणातून पुसला जातो. परत हवा तर परत पाठ करा. गायगॅक्सने ही कल्पना उचलली आणि ऋणही मानलं. या खेळात दंतकथा होऊन बसलेल्या वेक्ना या जादूगाराच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की व्हान्स निघतं.

जुन्या आवृत्त्यांत हा नियम अगदी कडक होता. एकच मंत्र दोनदा लागणार असेल तर सकाळी तो दोनदा पाठ करायचा. म्हणजे डब्यासारखं: जे भरलं तेच दुपारी खायचं, पोळ्या दोन भरल्या असतील तर तिसरी मिळणार नाही, आणि भूक कशाची लागेल याचा अंदाज सकाळी साडेसातलाच करायचा. 1978 च्या ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या काळात पाठांतराला मंत्राच्या प्रत्येक पायरीमागे पंधरा मिनिटं लागत. तेव्हाच्या पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला पहिल्या पायरीचे चार, दुसरीचे दोन आणि तिसरीचा एक एवढे मंत्र मिळत. मी एकदा फळ्यावर हिशेब मांडला: अकरा पायऱ्या, म्हणजे पावणेतीन तास. झोप वेगळीच. तोवर बाकीची मंडळी शेकोटीपाशी बसून राहायची. आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे तर दिवसाला एकच मंत्र असे. तो वापरला की उरलेला दिवस इतरांच्या मागे लपून काढायचा.

2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तयारीचा वेळ तासावर आला, पण डबा तोच राहिला. फक्त त्याच्या जोडीला सॉर्सरर नावाचा उपजत जादूगार आणला, ज्याला मंत्र थोडे येतात पण सकाळची तयारी नाही. 2008 मध्ये चौथ्या आवृत्तीने सगळीच मांडणी बदलली, ती अनेक जुन्या खेळाडूंना रुचली नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने मधला रस्ता काढला, आणि आमच्या टेबलावर अजून तिचीच प्रत फिरते. सकाळी फक्त यादी ठरवायची. त्यातला कुठला मंत्र कितीदा टाकायचा हे वेळ आल्यावर ठरवता येतं, स्लॉट असेपर्यंत. तयारीला पायरीमागे एक मिनिट. यादीची लांबी म्हणजे विझार्डची लेव्हल अधिक त्याच्या बुद्धिमत्तेवरून मिळणारा बोनस. पाचव्या लेव्हलला चांगल्या डोक्याचा विझार्ड असेल तर नऊ मंत्र.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक मराठी मुलगा यायचा. त्याला न्यायला येणारे त्याचे आजोबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले. निवृत्त एलआयसीवाले. बाहेर बर्फ, करण्यासारखं काही नाही, म्हणून ते तास-दीड तास आधीच येऊन बसत. एक दिवस मला म्हणाले, “मॅडम, हे मंत्रतंत्राचं काय शिकवताय पोरांना?” स्वर चिडका नव्हता, पण काळजी होती. मी म्हटलं, “काका, तुम्हीच वाचून बघा,” आणि नियमपुस्तकातलं फायरबॉलचं पान उघडून दिलं.

चष्मा लावून त्यांनी नीट वाचलं. एका कृतीचा वेळ. दीडशे फुटांपर्यंत पल्ला. ठरवलेल्या बिंदूभोवती वीस फुटांच्या त्रिज्येत आग. आत सापडलेल्या प्रत्येकाला सहा बाजूंचे आठ फासे टाकून जेवढं येईल तेवढं नुकसान. चपळाईचा फासा जमला तर निम्मं. आग कोपऱ्याला वळसा घालून पसरते. कुणाच्या अंगावर किंवा हातात नसलेल्या ज्वालाग्राही वस्तू पेट घेतात. वरच्या पायरीचा स्लॉट वापरला तर पायरीमागे एक फासा जास्त. वाचून झाल्यावर ते हसायलाच लागले. “अहो, हे तर पॉलिसीचं कलम आहे! लाभ किती, कुणाला, कुठवर, निम्मा कधी. आमच्याकडे असंच लिहायचे.” मी त्यांना सांगितलं की गायगॅक्स हा खेळ रचण्याआधी शिकागोत विमा कंपनीतच अंडररायटर होता, नोकरी गेल्यावर काही काळ त्याने जोडे दुरुस्त केले. त्यांना इतका आनंद झाला की पुढच्या आठवड्यापासून ते टेबलापाशी खुर्ची ओढून बसू लागले, आणि नातवाने पल्ला मोजण्यात गफलत केली की “किती फूट रे?” असं मराठीत विचारू लागले.

त्यांना सगळ्यात आवडलं ते सामान. मंत्राला तीन गोष्टी लागू शकतात: उच्चार, हाताची मुद्रा आणि पदार्थ. तोंडात बोळा कोंबला की उच्चाराचे मंत्र बंद, हात बांधले की मुद्रेचे. पदार्थांच्या यादीत मात्र रचणाऱ्यांनी गंमत करून ठेवली आहे. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधकाची इवलीशी गोळी लागते. विष्ठेत सोरा, त्याच्या जोडीला गंधक, म्हणजे बंदुकीच्या दारूला फक्त कोळसा कमी. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबर किंवा काचेची कांडी, म्हणजे शाळेतला स्थिर विद्युतचा प्रयोग. नियमाप्रमाणे हे सामान एका पिशवीत आहे असं धरून चालता येतं, रोज मोजत बसावं लागत नाही. पण एखाद्या मंत्राला शंभर नाण्यांचा मोती लागतो असं लिहिलं असेल, तर तो मोती खरोखर मिळवावाच लागतो.

हे सगळं झालं पुस्तकातलं. टेबलावर काय होतं ते एका खेळावरून सांगते.

आमची विझार्ड चौदा वर्षांची मुलगी, पाचव्या लेव्हलला नुकतीच पोचलेली. म्हणजे फायरबॉल हातात आलेली. तिने कित्येक महिने या दिवसाची वाट पाहिली होती. मी मांडलेला प्रसंग असा: एका बंद पडलेल्या खाणीत गॉब्लिनांनी, म्हणजे खुज्या राक्षसांनी, एका खाणकामगाराला धरून ठेवलंय, त्याला जिवंत वर आणायचं. रात्रीचा मुक्काम झाला, सकाळ झाली, मी म्हटलं, “वही उघड.”

तिने भराभर नऊ नावं लिहिली. त्यात सहा मंत्र मारण्याचे. मी काहीच बोलले नाही. यादी ठरवणं हे डीएमचं काम नाही. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा असतो, बुटक्या लढवय्याचं पात्र घेतलेला. एरवी आपली पाळी आली की ‘कुऱ्हाड मारतो’ एवढंच बोलणारा. तो म्हणाला, “खाणीत खाली कसं जायचं?” मी म्हटलं, दोराने सोडलेला लाकडी पाळणा आहे. “मग दोर कुणी तोडला तर?” टेबल गप्प. चोराचं पात्र घेतलेली मुलगी म्हणाली, “आणि बोगदा किती रुंद आहे? फायरबॉल चाळीस फूट व्यापतो. आपणही आतच असणार ना? आणि तो कामगार?” कुणीतरी जोडलं की बोगद्याला लाकडाचे टेकू असतील. तेही पेटतील.

पुढची वीस मिनिटं एकही फासा पडला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की खेळ थांबलाय. माझ्या मते त्या दिवशीचा खेळ तोच होता. बर्निंग हँड्स गेलं आणि त्याच्या जागी आलं फेदर फॉल, कोसळणाऱ्यांना पिसासारखं खाली उतरवणारा मंत्र. एक मारक मंत्र काढून वेब घेतला, वाट अडवणारं चिकट जाळं. एक काढून इन्व्हिजिबिलिटी घेतली, चोराला पुढे पाठवायला. फायरबॉल मात्र तिने सोडला नाही. “यादीत असू दे. न लागला तर न लागला.” शेवटच्या नऊ मंत्रांच्या पायऱ्यांची बेरीज सोळा. सोळा मिनिटांत तयारी झाली, त्यातच तिने चिलखताऐवजीचा मेज आर्मर टाकला, आणि पहिला पांढरा मणी माझ्या वाटीत पडला.

खाली गेल्यावर तिने चोराला अदृश्य केलं. चोर दबकत पुढे गेली, गॉब्लिनांच्या मधोमध पोचली, कामगार कुठे बांधलाय ते पाहिलं. तेवढ्यात बाजूच्या फाट्यातून आणखी गॉब्लिन आले. त्यांना अडवायला वेब हवा. पण वेब आणि इन्व्हिजिबिलिटी दोन्ही मंत्रांना एकाग्रता लागते, आणि विझार्डला एका वेळी एकाच मंत्रावर एकाग्र राहता येतं. जाळं टाकलं तर चोर तिथल्या तिथे दिसायला लागणार. “टाक,” चोर म्हणाली. “नको,” लढवय्या म्हणाला. खोलीत आवाज इतका वाढला की मला दार लोटून घ्यावं लागलं. शेवटी विझार्डने जाळं टाकलं, चोर उघडी पडली, तिला दोन जखमा झाल्या. पण मागचे गॉब्लिन अडकले आणि कामगाराची दोरी कापली गेली. विझार्डवर आलेला एक बाण तिने शील्ड टाकून परतवला.

वर येताना पाळण्यात सहाजण: पाच ते आणि सहावा कामगार. चाळीस फूट वर गेल्यावर खालच्या गॉब्लिनाने दोर तोडला. विझार्डने हात वर केला, “फेदर फॉल!” आणि स्वतःच पुस्तकात बघून गप्प झाली. तो मंत्र जास्तीत जास्त पाच जणांना वाचवतो. क्षणभर कुणाला काही सुचेना. मग तिने बोटाने मोजले: कामगार, चोर, लढवय्या आणि उरलेले दोघे. स्वतःला सोडून. चाळीस फुटांचे चार फासे मी उघड्यावर टाकले. तेरा. तिचे सहा हिट पॉइंट, म्हणजे प्राणांक, उरले. लढवय्याच्या मुलाने उठून तिला टाळी दिली. वाटीत एक पांढरा, एक निळा आणि दोन्ही लाल मणी शिल्लक होते. फायरबॉल त्या दिवशी पडलाच नाही, आणि त्याबद्दल ती पुढचे दोन आठवडे कुरकुरत होती.

यादी ठरवण्याची मजा टिकवायची तर डीएमला एक पथ्य पाळावं लागतं: विझार्डला हवी तेव्हा झोप मिळू द्यायची नाही. आठ तासांची विश्रांती झाली की सगळे मणी परत. मग पोरं एका लढाईत सगळं उधळतात आणि म्हणतात, आता झोपतो. 2014 चे नियम रचणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की दिवसभरात सहा ते आठ झटापटी होतील. वाचनालयात आम्हाला मिळतात दोन तास, त्यात दोन झटापटी जेमतेम बसतात. म्हणून आमच्याकडे खेळातला एक दिवस तीन-तीन आठवडे चालतो. सत्र संपलं की उरलेले मणी आणि यादी लिफाफ्यात घालून कपाटात ठेवते, पुढच्या खेपेला तिथूनच सुरू. शिवाय गोष्टीत घाईचं काही कारण ठेवते. कामगाराला संध्याकाळपर्यंतच जिवंत ठेवणार असतील तर दुपारी झोपायचं कसं? विझार्डला दिवसातून एकदा, तासाभराच्या विसाव्यात, थोडे स्लॉट परत मिळवता येतात. तेवढी सवलत पुरते. आणि काही मंत्र विधी म्हणून करता येतात: दहा मिनिटं जास्त द्यायची, वही समोर धरायची, स्लॉट खर्च होत नाही, यादीतही असावा लागत नाही. परकी भाषा समजून घेणं, जादू कुठे आहे ते हुडकणं, असली कामं घाई नसेल तर फुकटात होतात.

या कामातून मला एक गोष्ट पक्की कळली. विझार्डला सगळे एकलकोंडा, पुस्तकात डोकं खुपसलेला समजतात. घेणारी पोरंही बहुधा तशीच असतात. पण एकट्याने केलेली यादी हटकून वाईट निघते. कारण काय लागेल हे विझार्डला एकट्याला माहीत नसतं. ते लढवय्याला माहीत असतं, चोराला माहीत असतं, कधी नुसतं बसून ऐकणाऱ्याला. ज्याची वही सगळ्यात जाड त्यालाच सगळ्यात जास्त विचारावं लागतं. आणि जो कधी बोलत नाही त्याला टेबलावर पहिल्यांदा कुणीतरी गरज म्हणून विचारतं. त्या दिवसानंतर लढवय्याचा मुलगा दर सकाळी, म्हणजे खेळातल्या सकाळी, विझार्डशेजारी खुर्ची नेऊन बसतो.

म्हणूनच 2024 मध्ये सुधारलेलं नियमपुस्तक आलं तेव्हा मी साशंक होते. त्यात पाचव्या लेव्हलपासून विझार्डला तासाभराच्या विसाव्यानंतर यादीतला एक मंत्र बदलता येतो. सकाळचा निर्णय दुपारी फिरवता आला तर सकाळी वीस मिनिटं वाद घालणार कोण? पोरांना अर्थातच तो नियम हवा होता. मी तो आमच्या टेबलावर घेतला, एका अटीवर: मंत्र बदलायचा तर आधी बाकी सगळ्यांना मोठ्याने विचारायचं, आणि निदान एकाने तरी कारण सांगून दुजोरा द्यायचा. विझार्डची मुलगी लगेच म्हणाली, “ही अट पुस्तकात कुठेच नाही.” नाहीच आहे. पण शेवटचा शब्द डीएमचा, हे त्याच पुस्तकात आहे. पान मी तिलाच शोधायला लावलं.